वरून थाप पडेपर्यंत

माझ्या नोकरीत मला दोनच गोष्टी मोठ्यानं बोलाव्या लागतात. "दम धरा" आणि "सोडा". बाकी सगळं काम बटणांचं आणि डोळ्यांचं. खरं सांगायचं तर ही नोकरी मी पत्करली त्यात या गोष्टीचा वाटा मोठा होता. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझा आवाज माझ्यापुरताच राहतो. वसमतला इंग्रजी शाळेत हजेरीच्या वेळी मी "प्रेझेंट मिस" म्हणायचे, ते मिसपर्यंत पोचायचंच नाही, आणि पहिल्या बाकावर बसून माझी गैरहजेरी लागायची.

या अंकाचे संपादक बाबांच्या ओळखीचे. मुलीच्या कामाबद्दल काहीतरी लिहून द्या, असं ते म्हणाले आणि बाबांनी माझ्या वतीनं होकार देऊन टाकला. मराठीत मी एवढं लांब कधी लिहिलेलं नाही. आईनं आधी वाचून दाखव म्हणून सांगितलंय. ते काही मी करणार नाही.

मी हिंगोलीतल्या एका रुग्णालयात कॅथ लॅबची तंत्रज्ञ आहे. कॅथ लॅब म्हटली की सगळ्यांना हृदय आठवतं. नातेवाइकांत आई "प्रज्ञा हार्टचे फोटो काढते" असं सांगते आणि मी तिला दुरुस्त करत नाही. कारण मला आवडतं ते काम वेगळंच आहे, आणि ते लग्नाच्या पंगतीत समजावून सांगण्यासारखं नाही. पोटात कुठेतरी रक्त गळत असतं. उलटीतून किंवा शौचातून ते बाहेर येतं, पण कुठून येतं ते कळत नाही. ती जागा शोधायची आणि तिथल्या तिथे बुजवायची. आमचे सर, म्हणजे हे काम करणारे डॉक्टर, याला त्यांच्या शिकण्याच्या काळातलं नाव वापरतात, आर्टेरिओग्राफी. मी अँजिओग्राफी म्हणते. दोन्ही एकच.

ते कसं करतात ते सांगते. जांघेत नाडी लागते ना, तिथल्या धमनीत सर एक बारीक नळी घालतात. पेशंट जागा असतो, फक्त तेवढी जागा बधिर केलेली असते. नळी आतल्या आत वर सरकवत पोटाच्या मोठ्या धमन्यांच्या तोंडाशी न्यायची. अशा मुख्य धमन्या तीन. एक जठराकडे आणि यकृताकडे जाते, दुसरी लहान आतड्याकडे, तिसरी मोठ्या आतड्याच्या शेवटाकडे. नळीतून एक्स-रेत दिसणारा रंग सोडायचा आणि त्याच वेळी सरांनी पायाखालचं पेडल दाबून धरायचं. पेडल दाबलं आहे तोवर चित्रं निघत राहतात. माझ्या पडद्यावर पानं गळालेल्या झाडासारख्या काळ्या फांद्या उमटतात, बारीक होत जातात आणि विरून जातात. रंग रक्तवाहिनीत आहे तोवर पुढे सरकत राहतो. पण जिथे वाहिनी फुटली आहे तिथे तो बाहेर सांडतो, आणि सांडलेला रंग पुढे जात नाही. सगळं झाड विरून गेलं तरी तेवढा एक ठिपका मागे राहतो. तो ठिपका म्हणजे आमचं सगळं.

आता दम धरण्याचं. रंग सोडण्याआधी मशीन एक साधं चित्र घेतं आणि पुढच्या प्रत्येक चित्रातून ते वजा करतं, म्हणजे हाडं आणि आतड्यातली हवा निघून जाऊन नुसत्या रक्तवाहिन्या उरतात. पेशंटनं मध्येच श्वास घेतला की ही वजाबाकी चुकते. काढलेल्या रांगोळीवरून कुणी पदर फिरवावा तसं चित्र विस्कटतं. म्हणून काचेमागे बसून माइकवरून "दम धरा" म्हणायचं काम माझं.

पहिल्या आठवड्यात मी "दीर्घ श्वास घेऊन तो रोखून ठेवा" असं म्हणत होते. लोक मान वळवून काचेकडे बघत राहायचे. आतल्या रेहाना सिस्टरनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "पुस्तक वाचून राहिली का तू? दम धरा म्हन. आनि जरा जोरात म्हन, मुंगीला बोलल्यासारखं काहून बोलतीस?" शब्द मी बदलले, आवाज काही बदलला नाही. शेवटी आमची एक पद्धत पडून गेली. मी माइकवर पुटपुटायचं आणि सिस्टरनी टेबलाशी उभं राहून तेच ठणकावून सांगायचं. सर म्हणायचे, प्रज्ञाचा आवाज रेहानाच्या गळ्यात आहे.

या कामाची एक गंमत आहे, आणि ती नातेवाइकांना समजावणं फार अवघड. रक्त गळत असतानाच ते आम्हाला दिसतं. थांबलं की काही दिसत नाही. पुसेगावचे एक शेतकरी आले होते. वॉर्डात त्यांचं रक्त जात होतं, आमच्या टेबलावर आले आणि थांबलं. तिन्ही धमन्या पाहिल्या, झाड अगदी स्वच्छ. बाहेर भाऊबंद खूश, एकानं पेढेही आणले, आणि आम्ही आत तोंड पाडून बसलेलो. सरांनी भावाला समजावायला घेतलं, तर तो मध्येच म्हणाला, "कळलं. ठिबकच्या नळीला भोक हाय, पन मोटर बंद हाय." सर म्हणाले, अगदी तेच. मग सर, सिस्टर आणि मी, तिघांनीही एकेक पेढा खाल्ला. पुढे ते पेशंट नांदेडला गेले एवढं कळलं. तिथल्या डॉक्टरांना भोक सापडलं की नाही, कुणास ठाऊक. आमच्या धंद्यात बरीच माणसं अशी गोष्टीच्या मध्यावर निघून जातात. कधी पुसेगावच्या एसटीची पाटी दिसली की ते आठवतात.

कुरुंद्याच्या एक आजी मात्र पुऱ्या लक्षात आहेत. हळद शिजवण्याच्या दिवसांत कंबर धरली म्हणून दुकानातून आणून गोळ्या खात होत्या, त्याही उपाशीपोटी. जठराच्या पुढच्या भागात जखम झाली आणि धमनीच उघडी पडली. दुर्बिणीनं दोनदा थांबवलं, दोनदा सुटलं. आम्ही प्लॅटिनमची केसाएवढी तार, जिला कॉइल म्हणतात, आत सोडून ती धमनी बंद केली. तार बाहेर पडताच आपोआप वेटोळं घालून बसते आणि तिच्यावर रक्त गोठतं. आजींचे तळहात नि तळपाय पिवळेधम्मक होते. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "रगत थांबवाया जल्मभर आमी हळद चेपली. तुमी तार चेपता. चेपनं ते चेपनंच." बरं वाटल्यावर त्यांच्या नातवानं आम्हाला हळद आणून दिली. अजून आमच्या चहाच्या खोलीत कुणाला साधा खोकला आला तरी सिस्टर त्याला हळदीचं दूध पाजल्याशिवाय सोडत नाहीत.

पण मला सांगायचं आहे ते मारोतीमामांबद्दल.

दसऱ्याच्या आधीचे दिवस होते, मैदानावर जत्रेचे पाळणे उभे राहत होते. मारोतीमामा सिद्धेश्वरच्या धरणावर मासेमारी करणारे. काठावर जाळं आवरता आवरता चक्कर येऊन पडले. त्यांची बायको कौसाबाई, त्यांनीच जीप करून आणलं. शौचातून रक्त जात होतं. वरून दुर्बीण घातली, जठर चांगलं. खालून घातली तर सगळीकडे रक्तच रक्त, त्यात काही दिसेना. म्हणजे गळती मधे कुठेतरी, लहान आतड्यात, जिथे दुर्बीण पोचत नाही. दिलेलं रक्त अंगात टिकत नव्हतं. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, जागा माहीत नसताना पोट उघडायचं म्हणजे सगळं आतडं वीतवीत चाचपायचं, आणि या माणसाच्या अंगात तेवढं बळ उरलेलं नाही. तुम्ही जागा दाखवा, नाहीतर मला दुपारी उघडावंच लागेल.

सर सकाळीच नांदेडहून निघाले होते. ते येईपर्यंत मी मशीन तयार ठेवलं. कौसाबाई दाराबाहेर भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. बाक होता, पण बसल्या नाहीत. मी आत जाताना त्यांनी फक्त विचारलं, "सापडंल का, बाई?" हरवलेल्या म्हशीबद्दल विचारावं तसं. मी मान हलवली. ती हो होती की नाही, मलाही कळलं नाही.

मारोतीमामा टेबलावर कागदासारखे पांढरे पडले होते, पण बोलत होते. रंग सोडला की अंगात ऊब पसरते, घाबरू नका, असं सरांनी सांगितलं तर म्हणाले, "उनात पडल्यावानी व्हईल व्हय? होऊ द्या, लई गार पडलोय." पहिली धमनी पाहिली. मी "दम धरा" म्हटलं, सिस्टर ओरडल्या, मामांनी धरला. काही नाही. दुसरी, लहान आतड्याची. आतड्याची हालचाल थांबावी म्हणून सरांनी आधी इंजेक्शन दिलं. मी "दम धरा" म्हटलं, सिस्टर ओरडल्या, मग मी "सोडा", सिस्टर "सोडा मामा", त्यांनी सोडला. झाड दिसलं, विरलं. काही नाही.

सर शिशाच्या एप्रनमध्ये घामानं भिजले होते. म्हणाले, हीच धमनी पुन्हा एकदा, जरा तिरकस घेऊ. तेवढ्यात रक्ताची पिशवी आली म्हणून दारावर टकटक झाली आणि सिस्टर ती घ्यायला गेल्या. सरांना थांबायला वेळ नव्हता. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली.

मी माइकवर जमेल तेवढ्या मोठ्यानं "दम धरा" म्हटलं. मामांची छाती फुगली आणि थांबली. सरांनी पेडल दाबलं, रंग सुटला, झाड उमटलं. रोजच्या सवयीनं, आजारी माणसाला जेवढं जमतं तेवढा वेळ झाला, आणि मी "सोडा" म्हटलं. आता चित्र हलणार, सर पाय काढणार, हे सगळं ठरलेलं असतं.

चित्र हललं नाही.

श्वास घेतला किंवा सोडला की चित्रात फुप्फुसाखालचा स्नायूचा पडदा सरकतो. तो जागच्या जागी होता, भिंतीवर टांगल्यासारखा. झाडाच्या फांद्या विरत चालल्या होत्या आणि सर पेडलवरून टाच उचलत होते. मी माइकचं बटण दाबलं आणि म्हणाले, "सर, पाय काढू नका! त्यांनी श्वास सोडलेला नाही!"

काचेच्या पलीकडे सगळे दचकले. माझा आवाज एवढा येतो हे कुणालाच माहीत नव्हतं, मलाही. सरांची टाच खाली गेली. पडद्यावर झाड पुरतं निघून गेलं, आणि डाव्या बाजूला, फांदीच्या अगदी टोकाशी, एक ठिपका राहिला. पानाएवढाही नाही. हळूहळू गडद होत गेला आणि तिथेच बसून राहिला. गळती इतकी सावकाश होती की एरवी ती दिसायच्या आतच आम्ही चित्र थांबवत होतो.

"दिसलं," सर म्हणाले.

एवढ्यात पिशवी घेऊन आलेल्या सिस्टरचं लक्ष मामांच्या तोंडाकडे गेलं. ओठ निळसर होत होते. त्यांनी टेबलावर फाडकन हात मारला, "ओ मामा, सोडा की!" आणि मामांनी भसकन श्वास सोडला. मग दोनदा खोकले आणि म्हणाले, "झालं का?"

पुढचं काम सरांचं होतं. मोठ्या नळीतून दुसरी, सुतासारखी नळी घालून फांदीवरून डहाळीवर आणि डहाळीवरून त्या ठिपक्याच्या तोंडापर्यंत जायचं. इथे हात हलका लागतो. जास्त बंद केलं तर तेवढं आतडं उपाशी मरतं, कमी केलं तर गळती चालूच राहते. सरांनी दोन छोट्या कॉइल सोडल्या. आम्ही परत चित्र घेतलं. मी "दम धरा" म्हटलं. झाड आलं, झाड गेलं, मागे काही राहिलं नाही. मी "सोडा" म्हटलं, सिस्टर आत असूनही मीच, आणि मामांनी सोडला.

नळी काढल्यावर जांघेवर हातानं दाब देऊन उभं राहावं लागतं, नाहीतर तिथून रक्त येतं. आमच्याकडे ते काम मी करते. मला ते आवडतं. माझा हात हलू शकत नाही, पेशंटचा पाय हलू शकत नाही, अशा वेळी माणसं आपणहून बोलतात आणि मला नुसतं ऐकायचं असतं. त्या दिवशी मात्र मी विचारलं.

"मामा, मी सोडा म्हटलं होतं. तुम्ही सोडला का नाही?"

"म्हनलं असाल तुमी. मला न्हाई आलं ऐकू. त्या दुसऱ्या बाई हुत्या तवा बराबर आलं."

"पण मग एवढा वेळ कसं राहिलात? जीव घुसमटला नाही का?"

"घुसमटला की. पन वरून थाप पडल्याबिगर कसं यावं?"

मला कळेना. मग त्यांनी छताकडे बघत सांगितलं. धरणाच्या पाण्याखाली जुनी शेतं आहेत, बुडालेल्या बाभळींची खोडं आहेत. जाळं त्यांत अडकतं. मामा बुडी मारून ते सोडवतात आणि कौसाबाई नावेत बसून वर ओढून घेतात. जाळं पुरतं वर आलं की त्या नावेच्या कडेवर वल्ह्यानं थाप मारतात. थाप ऐकू आली की मगच वर यायचं. आधी आलं तर वर जाणाऱ्या जाळ्यातच माणूस गुंडाळला जातो. त्यांच्या चुलत्याचं तसं झालं होतं.

"खाली गेलं की दम आपला न्हाई ऱ्हात, बाई," ते म्हणाले. "नावंत बसलंय त्याचा."

हाताखाली त्यांची नाडी लागत होती. सकाळी ती शोधावी लागत होती, आता आपणहून हाताला येत होती.

बाहेर सरांनी कौसाबाईंना कागदावर आतडं काढून दाखवलं, त्यावर एक टिंब दिलं. त्यांनी ते टिंब बराच वेळ पाहिलं. "एवढ्याशानं एवढा गडी लोळवला," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून विचारलं की ते हालले तर नाहीत ना. मी सांगितलं, अजिबात नाही, दम धरून राहिले, शेवटी सिस्टरनी टेबलावर हात मारला तेव्हा सोडला.

"मंग बराबर," कौसाबाई म्हणाल्या आणि पहिल्यांदा बाकावर बसल्या. बसल्या बसल्या हसायला लागल्या, पदर तोंडाला लावून, आणि त्यांना आवरेचना. रेहाना सिस्टर आल्या, त्याही हसू लागल्या. कशाला हसायचं ते सिस्टरनी नंतर विचारलं.

घरी जाताना मामा मला धरणावर यायचं निमंत्रण देऊन गेले. अशी निमंत्रणं खूप मिळतात, आणि मी कुठेच जात नाही. पण थंडी सरताना बाबांना धरण बघायचं होतं, एके काळी त्यांची तिकडे नोकरी होती. मग गेलो. कौसाबाईंनी मला लांबूनच ओळखलं. बाबांना काठावर चहा देऊन बसवलं आणि मला थेट नावेत घेतलं. मला पोहता येत नाही हे सांगायला मी तोंड उघडेपर्यंत नाव पाण्यात होती.

त्यांनी मला का घेतलं ते मधे गेल्यावर कळलं. सरांनी मामांना बुडी मारायची परवानगी दिली होती. मामा धडधाकट झाले होते, पण कौसाबाईंचा हात बिघडला होता. मामा खाली गेले की त्यांना तो दवाखान्यातला पांढरा चेहरा आठवायचा आणि जाळं सुटायच्या आधीच थाप पडायची. मामा रिकामे वर यायचे आणि चिडायचे. "ही मला माशाचं पिल्लू समजून राहिली," ते मला म्हणाले. "शंभर मोजंस्तवर खाली ऱ्हायचं तर वीस मोजायच्या आत बोलावती."

"तुमाला काय, तुमी खाली," कौसाबाई म्हणाल्या. मग वल्हं माझ्या हातात दिलं. "आज तुमी मारा, बाई. माझ्या हातात असलं की मी मारतेच. जाळं सारं नावंत आलं की मारा. आधी न्हाई."

मामांनी माझ्याकडे बघून हात जोडले, छाती भरून घेतली आणि गेले.

पाणी मिटलं. कौसाबाई दोर हातात धरून बसल्या. त्या पाण्याकडे बघत नव्हत्या, माझ्या वल्ह्याकडे बघत होत्या. मी पाण्याकडे बघत होते, आणि तिथे कुठलाही पडदा नव्हता, कुठलंही चित्र नव्हतं. एक-दोन बुडबुडे आले. दोर ताणलेलाच. माझा हात नकळत वर गेला. मी तो खाली आणला आणि मांडीवर दाबून धरला. "मारा की आता," कौसाबाई पुटपुटल्या. मी मान हलवून नाही म्हटलं. या वेळी ती नाहीच होती, मला पक्कं माहीत होतं.

मग दोर एकदम सैल पडला. कौसाबाई उठून दोन्ही हातांनी ओढायला लागल्या. जाळं पाणी निथळत आत येऊ लागलं, त्यात दोन रोहू फडफडत होते, बाभळीची एक काळी फांदी होती. शेवटचं टोक कडेवरून आत पडलं. मी वल्हं उचलून नावेच्या कडेवर हाणलं आणि मागोमाग ओरडले, "सोडा!"

गरज फक्त थापेची होती. पण तोंडातून निघालं ते निघालं. काठावर बाबा चहाचा कप घेऊन उभे राहिले. पलीकडच्या धरणाच्या भिंतीवरून माझाच आवाज परत आला, आणि मला तो ओळखू आला नाही.

मामा नावेपासून हातभर अंतरावर वर आले. डोळ्यांवरचं पाणी निपटलं, कडेला धरलं आणि दम खात माझ्याकडे बघून हसले.

"आत्ता आलं ऐकू," म्हणाले.